रिकाम्या बाटलीचे वजन

पाण्याने भरलेली एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली साधारण एक किलो भरते आणि पाणी संपल्यावर तीच बाटली वीस-पंचवीस ग्रॅमची उरते, ही गोष्ट वाण्याच्या तराजूवर कोणालाही पडताळून पाहता येईल. सह्याद्रीतील अनुभव मात्र नेमका उलट आहे. भरलेली बाटली जो गृहस्थ धापा टाकत, गुडघ्यावर हात रोवत, दोन-अडीच तास पाठीवरून वाहून नेतो, त्याच गृहस्थाला ती रिकामी झाल्याक्षणी इतकी जड होते, की तिच्यासह आणखी एक पाऊल टाकणे त्याला अशक्य वाटते आणि तो ती जिथल्या तिथे, बहुधा करवंदीच्या जाळीत, ठेवून देतो. यावरून डोंगराळ प्रदेशापुरता असा नियम मांडावा लागतो, की बाटलीचे वजन तिच्यातील पाण्याच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे पाणी जसजसे कमी होते तसतशी बाटली जड होत जाते आणि पाणी संपले की ती उचलणे मानवी शक्तीच्या पलीकडे जाते. न्यूटनला हा नियम सुचला नाही, कारण तो ज्या झाडाखाली बसला होता तिथे सफरचंद पडले, सहल आली नाही.

या नियमाच्या अभ्यासाला कळसूबाईइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. १६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर अकोले तालुक्यातील बारी गावातून चढतात. वाटेत उभ्या कातळांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत आणि माथ्यावर कळसूबाईचे छोटेसे देऊळ आहे. जमिनीच्या एकावर एक साचलेल्या थरांवरून काळ ठरवण्याच्या पद्धतीला पुरातत्त्वात स्तरविज्ञान म्हणतात. कळसूबाईवर थर उंचीप्रमाणे लागलेले असल्यामुळे खणण्याचे कष्टही पडत नाहीत. पायथ्याशी चॉकलेट-गोळ्यांचे कागद आढळतात, कारण तिथे उत्साह असतो आणि हातून काय गळले याकडे लक्ष नसते. पहिल्या शिडीच्या आसपास बाटल्यांचा थर सुरू होतो, कारण शहरी माणसाचे पाणी आणि आत्मविश्वास साधारण याच उंचीवर एकदम संपतात. माथ्याजवळ वेफर्सच्या पाकिटांचा थर लागतो. मुंबईत समुद्रसपाटीला हवा भरून बंद केलेले पाकीट वर हवेचा दाब कमी असल्यामुळे टम्म फुगते, त्याचे सर्वांना कौतुक वाटते, त्याच्यासह छायाचित्रही काढले जाते आणि नंतर ते फुटते. हे पाकीट एकाच पदार्थाचे नसते. प्लॅस्टिकच्या पापुद्र्यांवर धातूचा वर्ख चढवून ते तयार करतात, त्यामुळे ते कुजत नाही, धड जळत नाही आणि भंगारवालाही त्याला हात लावत नाही. दोन पावसाळ्यांत त्याच्यावरचा रंग उडतो आणि उरलेला चंदेरी तुकडा कारवीच्या झुडपात चमकत राहतो.

वाटेवर लिंबूसरबत, ताक आणि काकडी विकणाऱ्या टपऱ्या आहेत. तिथे उन्हाने लाल झालेला कोणी पाहुणा रिकामा पेला हातात धरून अत्यंत जबाबदारीने विचारतो, “मावशी, इथं डस्टबिन नाही का?” मावशी म्हणतात, “खाली गावात आहे, भाऊ.” त्यावर भाऊ खरोखर दचकून म्हणतो, “एवढ्या लांब?” भाऊची गाडी त्याच गावात उभी असते, त्याला काळोखाच्या आत तिथेच जायचे असते आणि तिथे जाण्याला दुसरा मार्गही नसतो, तरीही पेला तिथवर न्यायचा म्हटल्यावर ते अंतर अचानक वाढते. वजनाच्या नियमाला अंतराचा हा उपनियम जोडल्याशिवाय सिद्धान्त पूर्ण होत नाही.

या दोन्ही नियमांच्या मुळाशी मालकीचा प्रश्न आहे. पाणी असेपर्यंत बाटली कोणाची तरी असते. गटातल्या दुसऱ्याने तिला तोंड लावले तर ‘माझी आहे ती’ असे बजावलेही जाते. पाणी संपले की ती कोणाचीच राहत नाही. वस्तूवरचा हक्क एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याला कायद्यात हस्तांतरण म्हणतात आणि त्यासाठी देणारा, घेणारा आणि कित्येकदा मुद्रांक व साक्षीदारही लागतात. बाटलीच्या हस्तांतरणाला देणारा पुरतो, घेणाऱ्या डोंगराची सही लागत नाही. मराठी व्याकरणानेही हा व्यवहार सुकर करून ठेवला आहे. ‘मी कचरा केला’ असे वाक्य, ज्यात करणारा आणि त्याने केलेली गोष्ट दोघेही समोरासमोर हजर असतात, ते शाळेतल्या कबुलीजबाबानंतर मराठी माणसाच्या तोंडून सहसा निघत नाही. त्याऐवजी ‘कचरा झाला’ असे म्हणतात. जसा पाऊस झाला, उशीर झाला, सर्दी झाली. कचरा ही मग कोणाची कृती न राहता हवामानाचा भाग होते, आणि हवामानाबद्दल फार तर हळहळ व्यक्त करता येते. दुसरी सोय ‘लोक’ या शब्दाने केली आहे. ‘लोक फार घाण करतात’ या वाक्यातील लोक म्हणजे बोलणारा आणि त्याच्या गाडीतून आलेली माणसे वजा जाता उरलेली मानवजात. हे वाक्य धबधब्याच्या काठी जितक्या वेळा ऐकू येते तितके इतरत्र कुठेही येत नाही, आणि ते उच्चारून झाल्यावर चहाचा कागदी पेला ठेवायला जागा शोधावीच लागते.

बेफिकीर मनुष्य फारसा अभ्यसनीय नाही. तो टाकतो आणि निघून जातो. खरा गुंतागुंतीचा नमुना नीटनेटक्या मनुष्याचा आहे. त्याला कचरा टाकवत नाही. जेवण आटोपल्यावर तो आणि त्याचे कुटुंब सारे काही गोळा करतात: चंदेरी पत्रावळी, लोणच्याच्या पुड्या, भाताची शिते चिकटलेले चमचे, बाळाचे डायपर. हे सर्व एका पिशवीत भरले जाते, पिशवीला गाठ मारली जाते, गाठीवर दुसरी गाठ मारली जाते, आणि मग ही सुबक पिशवी वाटेलगतच्या झाडाच्या फांदीला, साधारण खांद्याच्या उंचीवर, टांगली जाते. जणू सकाळी गाणे वाजवत घंटागाडी येणार आहे आणि सफाई कामगाराला वाकावे लागू नये. घंटागाडी, म्हणजे पालिकेची दारोदार कचरा गोळा करणारी गाडी, लोहगडाच्या विंचूकाटा नावाच्या माचीवर आजवर पोचलेली नाही. माकडे मात्र वेळेवर येतात. त्यांना दुहेरी गाठ सोडवत बसण्याची गरज नसते, ती पिशवी खालून फाडतात. अर्ध्या तासात पत्रावळी उतारावर पसरतात आणि फांदीवर फक्त गाठ उरते. काही वाटांवर अशा इतक्या गाठी साचल्या आहेत, की नवख्या माणसाने तिथे कोणते देवस्थान नवसाला पावते याची चौकशी करावी.

अशा मनुष्याला दोष देण्यापूर्वी इतिहास पाहणे न्याय्य ठरेल. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या रानात जेवण झाले की हातातले खुशाल भिरकावले जात होते आणि त्यात काही बिघडत नव्हते. पत्रावळ पळसाच्या पानांची असे, द्रोणही तसाच, दोन्ही काड्यांनी टाचलेले. उरलेल्या अन्नासकट ते गाय खात असे आणि गाईने नाकारले तर वाळवी घेत असे. शिदोरी फडक्यात बांधलेली असे आणि फडके कोणी टाकत नसे, कारण ते घरी परत नेले नाही तर त्याचा जाब द्यावा लागे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पत्रावळीला प्लॅस्टिकचा चकचकीत पापुद्रा चिकटला, पाणी बाटलीत आणि तेल, तिखट, सॉस इवल्याशा पुड्यांत शिरले. भिरकावणारा हात मात्र आजोबांचाच राहिला. गाईचेही तसेच झाले. ती अजूनही पत्रावळ पाहिली की येते, आणि तिच्या पोटात आता जे जाते ते बाहेर काढायला पशुवैद्यकाची शस्त्रक्रिया लागते.

तथापि ‘पूर्वी सगळे चालत असे’ हा निष्कर्षही खरा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी राज्यकारभाराची नीती सांगण्यासाठी लिहिलेल्या ग्रंथात, गडांच्या व्यवस्थेचे कलम आहे. गडावरच्या वाटांवर, बाजारात आणि तटावर केर पडू देऊ नये, झाडलेला केर गडाखाली लोटून न देता जागच्या जागी जाळावा आणि ती राख परसात घालून भाजीपाला पिकवावा, असे त्यात बजावले आहे. ‘गडाखाली टाकू नये’ ही सूचना लेखी द्यावी लागली, यावरून तीनशे वर्षांपूर्वीही कोणीतरी सुपातला केर तटावरून खाली ओतत होते, असे अनुमान काढणे भाग आहे. लोहगड, रायगड, राजगड आदी बारा किल्ल्यांना २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यांच्या तटांवर बाण मारलेले बदाम आणि त्यांच्या दोन बाजूंना नावे कोरणाऱ्यांना आपलीही नावे त्या यादीत गेली, असे वाटत असल्यास नवल नाही. त्यांतल्या केंद्रसंरक्षित वास्तूंच्या विद्रूपीकरणाला कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. प्रेमाची इतकी किंमत मोजायला तयार असलेले जोडपे आरोपी म्हणून स्वतःचे नाव, कधी कधी गाव आणि तारीखही भिंतीवर लिहून देते, हे तपास यंत्रणेवर मोठेच उपकार आहेत.

गड चढण्याइतका दम नसलेल्यांसाठी धरणकाठचे तंबू आहेत. मावळातील पवना जलाशयाभोवती तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर असे किल्ले उभे आहेत आणि पाण्याच्या कडेने रंगीत टेंटच्या ओळी लागल्या आहेत. संध्याकाळी चहा-भजी, रात्री बार्बेक्यू आणि शेकोटी, सकाळी पोहे, असा या मुक्कामाचा ठरलेला क्रम असतो आणि त्याला निसर्गाच्या सान्निध्यात राहणे म्हणतात. सान्निध्य म्हणजे जवळीक. ती इतकी वाढते, की कोंबडीला लावलेला मसाला, ताटांवरचे तेल आणि हातांवरचा साबण थेट जलाशयात जातो. पिंपरी-चिंचवडला पिण्याचे पाणी याच धरणातून मिळते. चिंचवडहून आलेला कुटुंबवत्सल पर्यटक शनिवारी रात्री काठावर बसून ताटे विसळतो आणि सोमवारी सकाळी स्वयंपाकघरात नळ उघडून, शुद्धीकरण यंत्र लावून, वर पुन्हा उकळून तेच पाणी पितो, कारण हल्ली पाण्याचा भरवसा राहिलेला नाही.

शेजारधर्माचे काही विलक्षण प्रकारही इथे पाहायला मिळतात. एका टेंटच्या स्पीकरवर गाणे सुरू झाले, की दुसऱ्या टेंटला स्वतःचे गाणे ऐकू येत नाही, म्हणून तो आवाज वाढवतो. मग पहिला वाढवतो. आणि दोघेही एकमेकांना समाजभान नसल्याबद्दल शिव्या देतात, त्या मात्र गाण्यांमुळे कोणालाच ऐकू येत नाहीत. रात्री पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, तेव्हा आवाज वर न जाता खाली वळतो आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून लांबवर पोचतो, त्यामुळे पलीकडच्या काठावरील वाडीतील माणसांना, ज्यांना पहाटे उठून दूध घालायचे असते, दोन्ही गाणी एकदम मिळतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबल हे आवाजाच्या तीव्रतेचे माप. रानात कायम राहणाऱ्या पिंगळ्याची आणि भेकराची गणना निवासींत होते किंवा नाही, यावर नियम मौन पाळतात, आणि त्या परिसरात मौन पाळणारे तेवढेच आहेत.

काचेच्या बाटलीबद्दल विनोद करणे अवघड आहे. ती मध्यरात्रीनंतर दगडावर आपटून फोडण्यात काही मंडळींना आनंद मिळतो. ही काच पहिल्या पावसाबरोबर उतारावरून वाहत खालच्या भातखाचरात येते आणि चिखलात बसते. भाताची लावणी वाकून, अनवाणी, पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभे राहून करावी लागते. रोप रोवणाऱ्या बाईला काच दिसत नाही, ती पायाला लागल्यावरच कळते. लावणीचे दिवस मोजके असल्यामुळे चिंधी बांधून पुन्हा ओळीत उभे राहण्याखेरीज तिला पर्याय नसतो. फोडणारा तोवर घरी पोचलेला असतो आणि त्याच्या लेखी ती बाटली केव्हाच संपलेली असते.

काळोखाचाही कचरा करता येतो, हे मे महिन्याच्या अखेरीस भंडारदऱ्याच्या परिसरात कळते. पाऊस सुरू होण्यापूर्वीच्या दोन-तीन आठवड्यांत इथल्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजवे इतक्या संख्येने जमतात, की संपूर्ण झाड एका तालात विझते आणि पेटते. काजव्याच्या पोटातील ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन हा प्रकाश निर्माण होतो आणि त्यात उष्णता जवळजवळ नसल्यामुळे त्याला शीतप्रकाश म्हणतात. ही रोषणाई पर्यटन विभागासाठी नसते. नराने केलेला तो विवाहप्रस्ताव असतो आणि मादी पानावर बसून त्याला लुकलुकूनच उत्तर देते. प्रौढ काजव्याला आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचे मिळते, त्यामुळे त्याला वधूपरीक्षा लांबणीवर टाकता येत नाही. नेमक्या याच मुहूर्तावर शेकडो गाड्या दिवे लावून घाटात शिरतात, उतरलेली मंडळी काजवे कुठे दिसतात हे पाहण्यासाठी झाडावर मोबाइलचा टॉर्च मारतात, काहीच दिसत नाही म्हणून अधिक प्रखर टॉर्च मारतात आणि शेवटी ‘फोटोत दाखवतात तसं काही नसतं’ असा निर्वाळा देऊन पोह्यांच्या चौकशीला लागतात. कोणाच्या लग्नात वधूवरांच्या डोळ्यांवर हॅलोजन धरून आंतरपाट दिसत नसल्याची तक्रार करावी, तसा हा प्रकार आहे. हा सारा भाग १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. अभयारण्य म्हणजे जिथे प्राण्याला भय नसते असे अरण्य. शासनाने हे नाव ठेवले तेव्हा काजवा महोत्सव सुरू व्हायचा होता.

यावर उपाय म्हणून फलक लावतात. फलकाच्या दोन खांबांमध्ये वाऱ्यापासून आडोसा मिळतो, त्यामुळे कचरा तिथे सुरक्षित राहतो. कचराकुंडी ठेवली तर ती दोन रविवारांत भरते, आणि भरलेल्या कुंडीच्या पायाशी ठेवलेला कचरा हा कुंडीत टाकलेल्याइतकाच पवित्र मानण्याचा प्रघात असल्यामुळे तिच्याभोवती लवकरच एक छोटी टेकडी तयार होते. कायदेही आहेत. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलची ताटे यांवर बंदी घालून पहिल्या गुन्ह्यास ५,०००, दुसऱ्यास १०,००० आणि तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांची कैद ठरवली. तिसऱ्या गुन्ह्यापर्यंत पोचण्यासाठी पहिल्या गुन्ह्यात कोणीतरी सापडावे लागते, आणि डोंगर मोठा असतो.

देवरायांचा कारभार यापेक्षा कमी मनुष्यबळात चालत आला. देवराई म्हणजे ग्रामदेवतेच्या नावे राखलेले रान. आंबेगाव तालुक्यातील आहुप्यासारख्या ठिकाणी ती आजही उभी आहे. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातील अशा राया अभ्यासल्या. तिथून वाळकी काडीही उचलायची नाही, असा दंडक अनेक गावांत पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला, आणि तोही फलक, पावतीपुस्तक किंवा सुरक्षारक्षक नसताना. मोडणाऱ्याचे काय होईल ते कोणीच नेमके सांगत नसे. पाच हजार रुपये असा आकडा कळला असता तर काहींनी तो भरूनही टाकला असता. अर्थात या भीतीचा कचऱ्याच्या कामी उपयोग करण्यात एक अडचण आहे. देवरायांनी काही न्यायचे नाही असा नियम घातला. काही ठेवून जायचे नाही, हा नियम कोणत्याही देवाला घालावा लागला नव्हता.

रविवार उलटला, की डोंगरवाटेवरच्या गावात बाटल्या वेचण्याचे काम सुरू होते. कुठे टपरीवाला स्वतःच्या टपरीभोवतीचा पट्टा साफ करतो, कुठे शाळा सुटल्यावर पोरे गोणी घेऊन वर जातात, कुठे गडसंवर्धनाचे कार्यकर्ते उतरताना पाठीवर ओझे घेतात. बाटली पायाने चेपून, झाकण घट्ट लावून भरली तर मोठ्या गोणीत दोनशेच्या आसपास बसतात. जी वस्तू एकेकट्या दोनशे धडधाकट माणसांना खाली नेववली नाही, ती एक मनुष्य डोक्यावर घेऊन शिड्या उतरतो. पायथ्याशी भंगारवाल्याचा टेम्पो उभा असतो. तो गोणी ताणकाट्याच्या आकड्याला अडकवतो आणि काटा चार किलोंच्या अलीकडे-पलीकडे थांबतो. भंगारवाल्याचा या आकड्यावर लगेच विश्वास बसत नाही. तो गोणी खाली घेतो, चार-पाच बाटल्या काढून उन्हाकडे धरतो, हलवून कानाशी लावतो आणि आत पाणी तर राहिले नाही ना, हे तपासतो; कारण त्याच्या धंद्यात पाण्याने बाटली जड होते.